अकराव्या ओळीवरची बायडाबाई

बायडाबाईला सही करायला चांगली दोन मिनिटं लागायची आणि त्या दोन मिनिटांत ती कुणाला बोलू द्यायची नाही. आधी पदराला हात पुसायचा. मग वही मांडीवर सरळ घ्यायची. मग एकेक अक्षर शेणानं सारवल्यासारखं हळूहळू ओढत न्यायचं: बायडाबाई किसन होवाळ. होवाळचा 'ळ' गोल झाला की खाली एक रेघ मारायची आणि पेन परत द्यायचं. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात ती हे शिकली होती, समाजमंदिरात, कंदिलाच्या काचेजवळ डोकं नेऊन. त्याच्या आधी नुसता अंगठा. त्यामुळं सही म्हणजे तिचा दागिना. आणि हाच दागिना एक दिवस तिच्या गळ्याला फास लावील, असं तिला सांगितलं असतं तर तिनं सांगणाऱ्याला झाडून काढलं असतं.

गाव पिंपरकाठी, पलूसपासून सात-आठ मैलांवर, कृष्णेच्या काठाला. नदीवर पंपहाऊस, तिथून वर चढवलेलं पाणी, आणि त्या पाण्यावर गावचा ऊस. हे सगळं चालवायला गावची सहकारी पाणीपुरवठा संस्था. संचालक अकरा. ब्याण्णव साली निवडणूक लागली तेव्हा गावच्या जाणत्यांनी देवळाच्या कट्ट्यावर बसून अकराही नावं ठरवून टाकली. आपल्याकडं 'बिनविरोध' या शब्दाची लय चटक. बिनविरोध म्हटलं की माणसांना वाटतं गाव शहाणं झालं. बाईची एक जागा राखीव होती. लालासाहेब, म्हणजे गावातले सगळ्यांत जुने बागायतदार, म्हणाले, बौद्ध वस्तीतली बायडाबाई घाला, वस्तीचंबी नाव होतंय आणि बाई बोलत न्हाई.

बायडाबाई बोलत नव्हती हे खरं. पण त्याचं कारण वेगळं होतं. तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

चेअरमन झाले नानासो. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार होऊन आलेला माणूस. सरळ, कडक, एका पैशाला न शिवणारा. पहिल्याच मीटिंगला दोन संचालक आधी कुणाची पाळी यावरून एकमेकांच्या अंगावर गेले, एक खुर्ची खिडकीतून बाहेर गेली आणि चहाचे चार कप फुटले. नानासो उभे राहिले आणि म्हणाले, असला तमाशा माझ्यासमोर चालायचा न्हाई, ह्याच्यापुढं मीटिंग बंद, वही घरोघर येईल.

आणि वही घरोघर यायला लागली.

सेक्रेटरी तात्याबा ऑफिसात बसून ठराव आधीच लिहून काढायचा. शेवटी 'सर्वानुमते मंजूर' हेही आधीच लिहायचा. त्याखाली एक ते अकरा आकडे. एक नंबर चेअरमन, दोन नंबर व्हाइस चेअरमन लालासाहेब, असं मानाप्रमाणं खाली खाली उतरत अकराव्या ओळीवर बायडाबाई. मग संस्थेचा शिपाई गुंडा ती वही रेक्झिनच्या पिशवीत घालून सायकलीवरून निघायचा. सुरुवातीला तो बिचारा आधी चेअरमनकडं गेला होता. नानासो कडाडले, कोऱ्या पानावर माझी सही मागतोस व्हय रं, आधी बाकीच्यांचं काय हाय ते बघ, मग ये. तेव्हापासून गुंडानं रीत पाडली: तळातनं सुरुवात. पहिल्यांदा बायडाबाई, मग दहावा, मग नववा, असं चढत चढत शेवटी नानासो. नानासो वही हातभर लांब धरायचे, सह्यांची भरलेली रांग बघायचे आणि पेन ठोकायचे.

तीन वर्षांत साठ-पासष्ट ठराव झाले. एक भांडण नाही. तालुक्याला एकमतानं चालणारी आदर्श संस्था म्हणून नानासोंच्या गळ्यात हार पडला आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्रक ऑफिसच्या भिंतीवर गेलं.

आता बायडाबाईला या सगळ्याविषयी काय वाटत होतं ते ऐका, कारण घोळाचं मूळ तिथं आहे. वही तिच्या दारात यायची तेव्हा वरच्या दहा ओळी कोऱ्या असायच्या. तिची समजूत अशी की, दुपारी बाप्येमाणसं ऑफिसात बसणार, त्या ठरावावर घासघीस करणार, आणि मग सह्या करणार. बाईमाणसाला कोण बोलावतंय? निदान सही तरी नेतात. ठरावात काय लिहिलंय ते ती वाचू शकली असती, पण बोट ठेवून, अक्षर जुळवत, एका पानाला अर्धा तास लागला असता. गुंडा सायकल धरून समोर उभा. त्याला कळलं असतं की हिला नुसती सहीच धड येते. मग गावभर झालं असतं. म्हणून ती पानाकडं एकदा जाणत्यासारखी मान हलवायची, आणि थेट अकराव्या ओळीवर जायची.

पंच्याण्णव सालचा मार्च. मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला तिचा धाकटा दीर धोंडिराम धापा टाकत आला. वस्तीची रानं ओढ्यापलीकडं, अकरा घरांत मिळून तीस एकर. पूर्वी तिथं पावसावरचा जोंधळा व्हायचा आणि बाकी आठ महिने माणसं दुसऱ्याच्या बांधावर. संस्थेच्या पाइपलाइनचं शेवटचं टोक तिथवर आलं आणि गेली तीन वर्षं उन्हाळी भुईमूग उभा राहत होता. यंदाचाही नुकता वर आला होता, दोन-दोन पानांवर.

"वैनी, नळ उकराय लागल्यात," धोंडिराम म्हणाला. "आपला नळ."

बायडाबाई तशीच धावली. ओढ्यापलीकडं सात-आठ माणसं कुदळी मारत होती. चार सिमेंटचे पाइप उघडे पडलेले. मुकादम म्हसवडकडचा होता, उन्हानं करपलेला, भला माणूस. त्यानं खिशातनं कागद काढला. बाई, आमी पाण्यावाचून वाढलेली माणसं, म्हणाला, नळ उपसाय आमाला बी बरं वाटत न्हाई, पर तुमच्या संस्थेचाच कागद हाय, गुरुवारी ट्रॅक्टर येणार आन पाइप माळाकडच्या नव्या लाइनला जाणार.

धोंडिराम चार यत्ता शिकलेला. त्यानं कागद मोठ्यानं वाचला. ओढ्यापलीकडील शाखा बंद करून तिचे पाइप माळाकडील वाहिनीस वापरावेत, सर्वानुमते मंजूर. मग खालच्या सह्या. शेवटच्या सहीपाशी तो थांबला. त्यानं कागद वहिनीच्या डोळ्यांसमोर धरला. होवाळचा 'ळ' चांगला गोल आला होता. खाली रेघही होती.

वस्तीतली पाच-सहा माणसं जमली होती. धोंडिराम एवढंच म्हणाला, "वैनी, तुमी आमाला इकलं व्हय?"

त्या वाक्यानं बायडाबाईच्या पायाखालचं ढेकूळ फुटलं म्हणायचं. पण ती रडत बसणारी बाई नव्हती. तिनं पदर खोचला आणि मुकादमाला म्हणाली, खणा किती खणायचं ते, पण गुरुवारपातूर एकबी पाइप जाग्यावरनं हलवू नगा. आणि चालत सुटली थेट ऑफिसवर.

तात्याबा नुकताच उदबत्ती लावून बसला होता. तिनं सरळ विचारलं, मीटिंगमदी आमच्या नळाचा इषय काढला कुणी? तात्याबा म्हणाला, कसली मीटिंग? ती म्हणाली, मी सही केल्यावर तुमी बाप्ये बसता ती. तात्याबा तिच्याकडं बघतच राहिला. मग हसला. मावशी, म्हणाला, तीन वर्सांत इथं मीटिंग न्हाई झाली, तुमच्याकडनं वही जी सुटती ती गावभर फिरून माझ्याकडं येती, झाला ठराव.

बायडाबाईनं भिंतीवरच्या प्रशस्तिपत्रकाकडं बघितलं. मग समोरच्या अकरा खुर्च्यांकडं बघितलं. त्यांतल्या नऊ खुर्च्यांवर धुळीचा थर होता.

बरं, ठरवलं कुणी, तिनं विचारलं. तात्याबा म्हणाला, चेअरमनसाहेबांचा हुकूम.

ती लालासाहेबांच्या मळ्यात गेली. लालासाहेब उसाच्या सरीत वाकून खत टाकत होते. त्यांनी सगळं ऐकलं, कंबर सरळ केली आणि सावकाश म्हणाले, "बायडाबाई, खरं सांगू? मला बी तो ठराव खटकला होता. पर खाली बघितलं तर पहिली सही तुझी. म्हटलं, ज्यांचा नळ जातोय त्यांचीच बाई सही करतीया, म्हंजे त्यास्नी चालत आसंल. मग आपन कशाला आडवं पडा?"

उन्हात उभी राहून बायडाबाईनं ते दोनदा मनात म्हणून बघितलं. तिनं सही केली कारण वरचे ठरवतील. वरच्यांनी सही केली कारण खालच्यांनी ठरवलंय. वहीला अकरा सह्या, आणि ठरवणारा एकही नाही. तिच्या अंगात जी आग शिरली ती आता कुणा एकावर ओतायची नव्हती, आणि तीच तर खरी अडचण होती. चोर एक असता तर चपलेनं सोलला असता.

बुधवारी सकाळी नेहमीसारखा गुंडा सायकलीची घंटी वाजवत वस्तीत आला. मावशी घरात नव्हती. ओढ्यापलीकडं उघड्या पडलेल्या पाइपावर बसली होती. गुंडा तिथं गेला. उन्हाळी पाळीचा ठराव हाय मावशी, म्हणाला, लगोलग सही करा, मग बाकीचीबी फेरी मारतो.

उन्हाळी पाळी म्हणजे पाणी कुणाला कोणत्या दिवशी याचं कोष्टक. आणि नानासोंचा पहिल्या दिवसापासूनचा कडक नियम होता की, ठरावाशिवाय पाटकऱ्यानं एकही व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. जुनी पाळी मंगळवारीच संपली होती. म्हणजे ही वही फिरून येईपर्यंत सबंध पिंपरकाठीचा ऊस कोरडा.

हे बायडाबाईच्या ध्यानात आलं तेव्हा तिला पाइपावर बसल्या बसल्या हसू आलं. तीन वर्षं वही तळातनं वर जात होती. तळातनं सुटलीच नाही तर?

तिनं वही मांडीवर घेतली. उघडली. पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

गुंडा थांबला. एक बिडी झाली. दुसरी झाली. मावशी, म्हणाला, हुतंय का? ती म्हणाली, वाचतीया. गुंडानं आजवर तिला वाचताना बघितलं नव्हतं. तो पुढं बघायला आला तर बोट तिसऱ्या शब्दावर. मावशी, असं वाचलं तर दिवाळी उजाडंल की, तो म्हणाला. ती म्हणाली, मग उजाडूं दे, मला येळ लागतो वाचाय, समद्या गावाला सांग जा. ज्या गोष्टीची तीन वर्षं लाज वाटत होती ती तिनं स्वतःच्या तोंडानं गावावर सोडून दिली, आणि गड्या, तिला कसं हलकं हलकं वाटलं.

गुंडानं सांगितलं. गावाला ते कळायला कितीसा वेळ. दुपारी तात्याबा सायकल ढकलत आला. दप्तर अडवणं गुन्हा हाय, असं त्यानं कायद्याच्या आवाजात सांगितलं. बायडाबाई म्हणाली, अडवलं कुठं? सही करनारच हाय, वाचून करनार. न वाचता सही करा आसं कायद्यात हाय का ते दाखवा. तात्याबा आल्या वाटेनं गेला. संध्याकाळी दोन संचालक येऊन लांबनं बघून गेले. बायडाबाईनं त्यांना निरोप दिला: ज्याला ह्या वहीवर सही करायची त्यानं उद्या सकाळी हितं पाइपावर यावं, वही काय आता दारोदार हिंडायची न्हाई.

गुरुवारी उजाडताच ओढ्यावर ही गर्दी. एकीकडून पाइप न्यायला ट्रॅक्टर आला, दुसरीकडून संचालक. दहाच्या दहा. उसाची पानं आवळायला लागली की माणूस कुठंही येतो. शेवटी नानासो आले, इस्त्रीचा सदरा, हातात काठी, आणि तोंड असं की ट्रॅक्टरवाल्यानं आपण होऊन इंजिन बंद केलं. मागं सगळी वस्ती उभी. धोंडिराम पुढं, हाताची घडी घालून, अजून वहिनीशी न बोलता.

"वही द्या," नानासो म्हणाले.

"देते," बायडाबाई म्हणाली आणि उठली नाही. "आदी एक सांगते. पयली चूक माजी हाय. मला वाचाय येळ लागतो. ते गुंडाला दिसू ने म्हनून मी तीन वर्सं न वाचता सह्या केल्या. माज्या वस्तीचं पानी मी माज्या हातानं तोडलं. आता तुमी सांगा. तुमी का केल्या?"

एवढ्या बाप्यांसमोर आधी स्वतःची चूक मांडणारा माणूस त्या गावानं पाहिला नव्हता. धोंडिरामाच्या हाताची घडी सुटली. मग दहाव्या ओळीचा म्हणाला, बायडाबाईची होती म्हणून मी केली. नववा म्हणाला, खाली दोन होत्या. आठवा म्हणाला, गुंडाला घाई होती. असं होत होत लालासाहेबांपर्यंत आलं, त्यांनी मळ्यातलंच परत सांगितलं. मग सगळ्यांच्या माना नानासोंकडं वळल्या.

नानासो म्हणाले, मी संचालकांच्या मताला मान दिला, दहा सह्या होत्या, मी कोण मोडणारा. तेव्हा तात्याबाची मात्र गाळण उडाली. तो म्हणाला, साहेब, हुकूम तुमचाच हुता. कसला हुकूम, नानासोंनी विचारलं. तात्याबानं घाम पुसत सांगितलं: सांगलीहून मोटार दुरुस्तीला मिस्त्री आला होता, तो म्हणाला की ओढ्यापलीकडच्या टोकाला पाणी गळतंय, त्यानं दाब कमी पडतो, ते पाइप काढून माळाला घाला.

"त्यावर तुमी 'बघू' म्हनाला, साहेब."

"बघू म्हनलो. काढा म्हनलो का?"

"तुमाला परत कसं इचारायचं? एकदा परत इचारलं तर सा म्हैनं बोलला न्हाईसा."

मिस्त्री एक वाक्य बोलून सांगलीला निघून गेला होता, चेअरमन एक शब्द बोलले होते, आणि त्या एका शब्दावर अकरा घरांचं पाणी चाललं होतं. मागनं वस्तीतलं कुणीतरी हसलं. मग म्हसवडचा मुकादम हसला. मग सगळेच. नानासो हसले नाहीत. त्यांचा चेहरा लालबुंद. म्हणाले, तीन वर्सं ह्या संस्थेत एक भांडण झालं न्हाई, ते माझ्यामुळं.

"नानासो, भांडाय कोन भेटलंच न्हाई की," लालासाहेब म्हणाले.

आणि मग, बाबा, जे भांडण पेटलं. तीन वर्षांचं साठलेलं. कुणाची पाळी कुणी खाल्ली, पंपहाऊसचा पत्रा अजून का गळतोय, पाटकरी कुणाच्या मेव्हण्याचा आहे. माळाकडचे दोघं संचालक तर हमरीतुमरीवर आले, नळ गळतोय ही गोष्ट खोटी न्हाई, दुरुस्ती करा न्हाईतर आमाला द्या, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. बायडाबाई पाइपावर उभी राहून त्यांच्याशी भांडली. गळतंय तर सांधा बदला, म्हणाली, डोकं दुखतंय म्हनून मान कापता का? धोंडिराम तिच्या शेजारी येऊन कधी उभा राहिला ते तिलाही कळलं नाही. तासभर आवाज चढले, पण एकही खुर्ची फेकली गेली नाही. खुर्च्या नव्हत्याच म्हणा. पण कुणी दगडही उचलला नाही. नानासो काठीवर दोन्ही हात ठेवून सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनी काठी आपटली आणि विचारलं, जुना ठराव मोडायचा, सांधे बदलायचे, आन पाळी धरायची, हात वर करा कोन कोन. आठ हात वर गेले. माळाकडचे दोघं न्हाई म्हणाले, मोठ्यानं म्हणाले. नानासोंनी स्वतःचा हात सावकाश वर केला, तेव्हा नऊ झाले.

तात्याबानं तिथंच मातीत बसून लिहिलं. लिहून झाल्यावर सवयीनं वही बायडाबाईच्या मांडीवर ठेवली. तिनं ती नानासोंकडं सरकवली.

"ह्या बारीला वरनं येऊं द्या," ती म्हणाली.

नानासोंनी तिच्याकडं बघितलं, वही हातभर लांब धरली, आणि कोऱ्या पानावर पहिली सही केली. मग लालासाहेब. मग वही हातोहात खाली उतरत आली, मघाचे भांडलेले, घामेजलेले हात, एकामागून एक. माळाकडच्या दोघांनीही फटकन सही केली, कारण ऊस त्यांचाही वाळत होता. पाटकरी केव्हाचा व्हॉल्व्हपाशी जाऊन उभा होता.

वही बायडाबाईकडं आली. वरच्या दहा ओळी भरलेल्या बघायची तिची ही पहिलीच वेळ. तिनं पदराला हात पुसला. पण अकराव्या ओळीवर गेली नाही. वर गेली, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

कुणी चुळबुळ केली नाही. गुंडानं बिडी काढली आणि परत खिशात ठेवली. बोट सरकत होतं, थांबत होतं, सरकत होतं. उन्हं चढली. शेवटच्या ओळीवर बोट आलं आणि अडकलं. तिनं तो शब्द एकदा वाचला, दोनदा वाचला.

"तात्याबा," ती म्हणाली, "हितं 'सर्वानुमते' लिवलंय. दोगं न्हाई म्हनालं की वो. आन त्या दोगांनी बी ह्याच्यावर सही केलीया."

तात्याबानं वाकून बघितलं. हात सवयीनं गेला होता. माळाकडचे दोघं एकमेकांची तोंडं बघत राहिले. लालासाहेब चष्मा काढून, खाली मान घालून उपरण्यानं तोंड पुसत होते, हसतात का काय ते कळत नव्हतं.

नानासो पुढं आले आणि वही परत मागून घेतली. हातभर लांब धरली. आणखी लांब धरली. मग सगळ्यांसमोर, सुभेदाराच्याच आवाजात म्हणाले, "लालासाहेब, तुझा चष्मा दे जरा."